लासुर्ण्याचं शवासन

लासुर्ण्याच्या सुप्रियानं योगशिक्षिका व्हायचं ठरवलं, तेव्हा तिला त्यात अवघड असं काहीच दिसलं नाही. अंग लवचिक होतं, आवाज गोड होता आणि सासरी नांदून नांदून संयम आपोआप आलेला होता. वर्ग शनिवार-रविवारी बारामतीला भरायचा. तिथं नुसती आसनं नव्हती, आयुर्वेदाचा पायाही पक्का करून घेत होते. वात, पित्त, कफ, दिनचर्या, काढे, सगळं. "थंडी संपायच्या आत सर्टिफिकेट भिंतीवर असेल," असं तिनं घरात सांगूनच टाकलं.

सासूबाई शकुबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "श्वास घ्यायला बारामतीला जायचं? हितल्या हवेला काय झालंय?"

"आई, श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात तिथं."

"आन् आतापत्तूर कसा घेत हुतीस?"

याचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

सासरे सर्जेराव मात्र सुनेच्या बाजूचे. त्यांचं गावात वजन होतं. सुनेनं त्यांची प्रकृती कफाची ठरवली, तेव्हापासून त्या वजनाला आयुर्वेदाचीही मान्यता आहे, असं ते पारावर सांगत.

वर्ग चालवणाऱ्या माधवीताई फार कडक. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं आणि टेकून बसलेलं तर नाहीच नाही. त्यांचा सगळा जीव शवासनात. "शवासन म्हणजे योगाचा कळस," त्या सांगत. "तिथून माणसाला दचकवून उठवायचं नाही. हात लावायचा नाही, टाळी वाजवायची नाही, नावानं हाक मारायची नाही. फक्त मृदू आवाजानं बाहेर आणायचं. ज्यानं दचकवलं, तो नापास." आणि सगळ्यांनी मिळून शेवटचा ओंकार म्हटल्याशिवाय वर्ग पुरा झाला असं त्या मानत नसत.

शेवटची परीक्षा आपापल्या गावात द्यायची होती. खरी माणसं जमवायची, त्यांना शिकवायचं आणि माधवीताई येऊन बघणार.

"माणसांची काळजी तू करू नगं," सर्जेराव म्हणाले. "मी सांगतो समद्यास्नी."

सर्जेरावांनी सांगितलं म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी सकाळी मारुतीच्या देवळातला सभामंडप भरून गेला. पुरुषांच्या रांगा, बायकांच्या रांगा, घरून आणलेल्या सतरंज्या. सुप्रियाला भरून आलं. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती आणि जमलेली निम्मी मंडळी रात्रभर ऊस भिजवून थेट मंडपात आली होती.

ताडासनात पुढची रांग वाऱ्यावरच्या उसासारखी डुलत होती. सुप्रियाला वाटलं, तोल साधायला शिकतायत. सूर्यनमस्कारात महिपतीतात्या साष्टांगापर्यंत गेले आणि तिथंच राहिले. मारुतीसमोर आहेत, भाव दाटला असेल, म्हणून तिनं त्यांना तसंच राहू दिलं. माधवीताई खांबाजवळ ताठ बसून सगळं बघत होत्या.

आसनं झाल्यावर सुप्रियानं आपला हुकमी पत्ता काढला. तिनं घरून काढा आणवला होता. सुंठ, धणे, बडीशेप, ज्येष्ठमध. पातेलं फिरलं, सगळ्यांनी ग्लास भरून घेतला. माधवीताईंनी एक घोट घेतला, भुवई उंचावली आणि आणखी एक ग्लास मागितला. सुप्रियाच्या मनातलं सर्टिफिकेट भिंतीवर चढलं.

मग शवासन. थंडी होती आणि माश्याही होत्या, म्हणून लोकांनी उपरणी, पदर, चादरी डोक्यावरून ओढून घेतल्या. माधवीताई उठल्या. "मीही आडवी होते," त्या म्हणाल्या. "शिकवणाऱ्याचा आवाज आत किती उतरतो, ते पडल्याशिवाय कळत नाही." त्यांनी आपली पांढरी शाल डोक्यावरून घेतली.

सुप्रियानं आवाज आणखी गोड केला. "पायाची बोटं सैल सोडा. पोटऱ्या सैल सोडा." गुडघ्यांपर्यंत पोचते तोच पहिलं घोरणं ऐकू आलं. कमरेपर्यंत पुरुषांच्या सगळ्या रांगा झोपल्या होत्या. खांद्यांपर्यंत ती कुणाशी बोलतेय, हे विचारायला कुणी जागं नव्हतं.

"आता हळूहळू हातापायांची बोटं हलवा," ती थोड्या वेळानं म्हणाली.

एकही बोट हललं नाही.

तिनं पुन्हा सांगितलं. मग जरा मोठ्यानं, पण मृदूच. पांढऱ्या शालीखालून माधवीताईंचं घोरणं ऐकू यायला लागलं, बारीक आणि शिस्तशीर. सुप्रियाची पंचाईत झाली. उठवावं तर नापास. न उठवावं तर ओंकार नाही, म्हणजे पुन्हा नापास. देवळाची घंटा डोक्यावरच होती. तिच्याकडे तिनं एकदा आशेनं पाहिलं आणि हात मागे घेतला. काहीतरी करायला हवं म्हणून मग ती रिकामं पातेलं आणि ग्लास गोळा करायला लागली.

एवढ्यात डेअरीचा टेम्पो घेऊन बिरदेव तिथून चालला होता. त्याला मंडपात डोक्यावरून पांढरं घेऊन आडवी पडलेली माणसं दिसली, ओळीनं. मधोमध रिकामं पातेलं घेऊन सर्जेरावांची सून उभी. त्यानं टेम्पो थांबवला, इंजिन चालूच ठेवलं.

"काय झालं वो, वैनी?"

सुप्रिया ओठांवर बोट ठेवून पायरीपर्यंत आली. "हळू बोला. शवासनात आहेत सगळे."

इंजिनाच्या आवाजात बिरदेवापर्यंत शवासनातली पहिली दोनच अक्षरं पोचली.

"समदी?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"सगळे. बारामतीच्या मॅडमसुद्धा."

"आन् सर्जेरावआबा?"

"ते सगळ्यांच्या आधी गेले," सुप्रिया कौतुकानं म्हणाली.

"पर कशानं?"

"थोडंफार माझ्या काढ्यानंही असेल," ती लाजत म्हणाली.

बिरदेवानं गिअर टाकला. टेम्पो एवढा जोरात गेला, की मागचे दुधाचे कॅन घंटेचे टोले पडल्यासारखे वाजत राहिले. त्या आवाजानंही मंडपात कुणी जागं झालं नाही.

शेजारच्या जंक्शन गावातल्या टपरीवर बातमी पोचली तेव्हा काढ्याचा काढाच होता. निमगाव केतकीला जाईपर्यंत त्याचा प्रसाद झाला. आणि इंदापुरातल्या मोबाइलांवर, सुनेनं सासऱ्यासकट अर्धं गाव संपवलं अशी बातमी भावपूर्ण श्रद्धांजलीसह फिरायला लागली.

इकडे सुप्रिया एकेका रांगेजवळ बसून "बोटं हलवा, बोटं हलवा" म्हणत होती. तिचा आवाज इतका मृदू झाला होता, की तिलाच जांभया येत होत्या. तोच देवळापुढं एक जीप करकचून थांबली. निमगाव केतकीला दिलेली सर्जेरावांची धाकटी बहीण हौसाबाई चप्पल न घालताच उतरली. मागं माणसांचा लोंढा. हौसाबाईनं उपरण्याखालच्या भावाला पायांवरून ओळखलं आणि हंबरडा फोडला.

"दादा, बहिणीला न सांगता गेलास रं!"

"गप," उपरण्याखालून आवाज आला. "पाणी सरीच्या टोकाला गेलं का त्ये बघ आधी."

आणि सर्जेराव उपरण्यासकट उठून बसले.

हौसाबाई जागच्या जागी कोसळली. दारातली गर्दी मागं सरकली आणि एकमेकांवर पडली. त्या गलक्यानं एकेक चादर उठायला लागली, तशी उरलेली गर्दी चपला टाकून पळाली. महिपतीतात्या तेवढे साष्टांगातच होते.

मग रुग्णवाहिका आली. तिच्यातून एक तरुण डॉक्टरीणबाई उतरल्या आणि विषबाधेचे रोगी कुठं आहेत, असं विचारायला लागल्या. माधवीताई शाल सावरत उठल्या होत्या. त्यांच्या एका गालावर सतरंजीची नक्षी उमटली होती.

"काढ्यात काय काय होतं?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"सुंठ, धणे, बडीशेप, ज्येष्ठमध," सुप्रियानं पाठ केल्यासारखं सांगितलं.

"आन् जायफळ," गलका ऐकून घरून धावत आलेल्या शकुबाई म्हणाल्या.

"जायफळ कुणी घातलं?"

"मी. मॅडम पयल्यांदा आल्याता आपल्याकडं. नुसता कडू पाला कसा द्यायचा? पुरनाला उगाळती तसं उगाळलं, जरा सडळ हातानं."

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाचं ब्लडप्रेशर तपासलं. गावाचं इतकं चांगलं ब्लडप्रेशर आपण पूर्वी पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. पण बोलावलेली गाडी रिकामी कशी न्यायची, म्हणून हौसाबाईला घालून इंदापूरला घेऊन गेल्या. सगळ्या प्रकरणातली खरी रोगी ती एकटीच होती.

पांगापांग झाल्यावर सुप्रिया माधवीताईंसमोर मान खाली घालून उभी राहिली.

"तुम्ही कुणाला दचकवलं नाहीत," माधवीताई म्हणाल्या. "इतक्या गोंधळात हा नियम पाळणारी विद्यार्थिनी मी प्रथमच बघतेय."

सुप्रियानं मान वर केली.

"पण ओंकार राहिला. वर्ग अपुरा. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

घरी आल्यावर ती चुलीपुढं जाऊन बसली. गावात आता तोंड कसं दाखवायचं आणि दुसऱ्यांदा माणसं कुठून आणायची, हे तिला कळेना. शकुबाईंनी तवा खाली उतरवला. त्यांनी तिच्यापुढं गरम भाकरी आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. त्यांच्याकडून ही क्षमायाचना होती आणि सुप्रियानं ती गपगुमान खाल्ली.

माणसं आणायची वेळ आलीच नाही. पुढच्या परीक्षेला अख्खं गाव आपणहून उजाडायच्या आत मंडपात हजर होतं. कित्येकांच्या काखेत उशा होत्या. बिरदेव दुधाचा टेम्पो कडेला लावून पहिल्या रांगेत आडवाही झाला होता.

"आधी ताडासन," सुप्रिया म्हणाली.

कुणी उठेना. शेवटी गावाच्या वतीनं सर्जेराव बोलले. "सूनबाई, उभ्यानं करायचं समदं आमी रानात करतो. तू पुढचं घे."

सुप्रियानं माधवीताईंकडे पाहिलं. त्या खांबाजवळ आपली सतरंजी अंथरत होत्या.

"ठीक आहे," सुप्रिया म्हणाली. "पण पडायच्या आधी सगळ्यांनी उठून बसा. पहिल्यांदा ओंकार."

"ओंकार शेवटी असतो," माधवीताई म्हणाल्या.

"हो मॅडम. पण शेवटी माझ्याशिवाय जागं कोण असतं?"

माधवीताईंनी सतरंजी सारखी केली. मग त्या मांडी घालून बसल्या आणि सगळ्यांच्या आधी डोळे मिटून त्यांनी ओंकार लावला. तो संपताच शाल डोक्यावरून ओढून घेतली.