चौघंच

वाटण मी विकतचं आणलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला अस्सल पाहिजे होतं. (माझ्या आयुष्यातलं निम्मं नुकसान अस्सल पाहिजे म्हटल्यानं झालंय. उरलेलं निम्मं स्वस्तातलं घेतल्यानं.)

आधी रस्सामंडळ म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला मंडळ म्हटलं की गणपतीचंच वाटतं. आमच्या कोल्हापुरात चार मित्रांनी कुणाच्या तरी रानात जायचं, तीन दगडांची चूल मांडायची, मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा आणि ऊन उतरेपर्यंत बोलत बसायचं, ह्याला रस्सामंडळ म्हणतात. त्याला घटना नसते, पण एक कलम असतं: बायका आणायच्या नाहीत. कलम कुणी केलं कुणास ठाऊक. स्वयंपाक न येणाऱ्या पुरुषांनीच केलं असावं, साक्षीदार नकोत म्हणून.

आमचं मंडळ चौघांचं. कृष्णात, ज्याचं गगनबावडा रोडला रान आहे आणि म्हशी आहेत. सम्राट, ज्याचं टायरचं दुकान आहे. मी, कागलच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर, म्हणजे नटबोल्ट सांभाळणारा माणूस. आणि नबीलाल. नबीलाल वेल्डर होता, कुवेतला गेला, आणि मंडळ बसायचं बंद झालं. एकदोनदा आम्ही तिघं बसलो, पण जमेना. रस्सा बरा व्हायचा, बोलणं अळणी व्हायचं. तिघंही बसायला अंथरलेल्या चौथ्या, रिकाम्या पोत्याकडं बघत जेवायचो.

खरं सांगायचं तर मला नबीची आठवण यायची. नुसती यायची नाही, अंगावर यायची. रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरातनं मटणाचा वास आला की माझं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. पण मित्राची आठवण येते हे आपल्याकडं पुरुषानं कुणाला सांगायचं? बायकोला एकदा सांगून बघितलं, तर ती म्हणाली, बीपी तपासून घ्या.

आणि ह्या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

“इज्या, सुट्टी मिळालीया. रविवारी मंडळ बसवायचं.”

“बसवू की. पण आपण चौघंच हां. पहिल्यासारखं.”

“बरं,” नबी म्हणाला. (ह्या एका ‘बरं’वर मी पुढचे आठ दिवस तरंगत होतो.)

आता वाटण. पूर्वी ते नबीच्या अम्मीकडनं यायचं. कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून पाट्यावर वाटलेलं, स्टीलच्या डब्यात. अम्मी आता नाहीत. सम्राट म्हणाला, पाकीट आणू. मी म्हणालो, पाकीट आणायचं असेल तर नबीला कुवेतहून बोलवायचं कशाला? आणि मी वर्षाराणीला, म्हणजे आमच्या घरच्या सरकारला, वाटण करून मागितलं. तिनं एक शब्द न बोलता पाटा धुऊन काढला. मी तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. आमची वर्षाराणी एक शब्द न बोलता फक्त सत्यनारायणाची पोथी ऐकते, आणि तीसुद्धा अर्धीच.

रविवारी सकाळी डबा पिशवीत घेऊन मी गाडीला किक मारली. ती दारात उभी होती. आता आमच्याकडं रीत अशी आहे, की जेवायला निघालेल्या माणसानं मागं राहणाऱ्याला ‘चल की जेवायला’ म्हणायचं, आणि मागं राहणाऱ्यानं ‘जावा, जेवा’ म्हणायचं. ह्यात कुणी कुणाला बोलवत नाही आणि कुणी कुठं जात नाही. पोस्टमनलासुद्धा आम्ही ‘या जेवायला’ म्हणतो, तो काय पाट मांडून बसत नाही. लग्न झाल्यापासून मी तिला असं म्हणत आलोय आणि ती ‘जावा’ म्हणत आलीय.

“चल की जेवायला,” मी म्हणालो.

“येतो की,” ती म्हणाली. (आमच्याकडं बायका ‘येतो’ असंच म्हणतात.) आणि मागं बसली. तिच्या पायात चप्पल आधीपासनंच होती. साडीही घरातली नव्हती.

“अगं, तिथं सगळे बाप्ये.”

“वाटण माझं हाय. त्येचं काय हुतंय, बघायला नको?”

“एकटी बाई अवघडून जाशील.”

“एकटी कशाला? संयोगिताला काल रात्रीच फोन केलाय. ती बी येणार हाय.”

संयोगिता म्हणजे सम्राटची बायको. मी गाडी चालवत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, कारण गाडी चालूच होती.

रानात पोचलो तर कृष्णातची तानाबाई पंपाच्या खोलीपुढं झाडत होती. मी कृष्णातकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, “तिला नको म्हणून सांगितलं, तर म्हणाली, रान माझ्या नावावर हाय, तुमीच कुठं बसायचं ते बघा.” तेवढ्यात सम्राट आला. शाळेत पालकांना घेऊन यायला सांगितलेलं पोर जसं येतं, तसा तो संयोगिताच्या मागं चालत होता. सगळ्यात शेवटी नबी आला. हातात मटणाची पिशवी, डोक्यावरचे केस निम्मे, हसणं तेच. मी दोन पावलं पुढं झालो आणि थांबलो. त्याच्यामागं जुलेखा होती. त्याची बायको.

सापडला बिचारा, मी मनात म्हणालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात सांगितलं, “काळजी करू नकोस. बायकांचं मी बघतो.”

तो काहीतरी बोलणार होता. मी बोलू दिलं नाही. (मी स्टोअरकीपर आहे. आवक-जावक माझ्या हातात असते, असा माझा समज आहे.)

पहिल्यांदा मी चौघींना लांब चिंचेखाली बाजेवर बसवलं. कांदा चिरायला घेतला आणि मागं बघतो तर चौघी चुलीपाशी. संयोगिता म्हणाली, “एवढा जाड कांदा म्हशीला घालायचाय काय?” तानाबाईनं जाळ सारखा केला. वर्षाराणीनं वाटणाचा डबा माझ्या हातातनं काढून घेतला. थोड्या वेळानं चार मित्र आपल्याच चुलीभोवती हात बांधून उभे होते, आणि आमच्यापैकी एकाला, म्हणजे मला, कोथिंबीर निवडायला दिली होती.

असंच चाललं तर दिवस हातचा जाणार. नबी मंगळवारी परत जाणार होता. पुन्हा कधी येईल, आला तर आम्ही चौघंही असू का, सांगता येत नाही. मला त्याच्याजवळ तासभर बसायचं होतं. बस्स, एवढंच. आणि मला युक्ती सुचली. पलीकडच्या रानात गुऱ्हाळ लागलं होतं. उसाच्या फडावरनं धूर दिसत होता, गुळाचा वास येत होता.

“अहो, गुऱ्हाळ लागलंय बघा,” मी चौघींना म्हणालो. “ताजी काकवी मिळंल. जाऊन तरी या.”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग पळी भांड्यावर ठेवली आणि म्हणाली, “चला गं. ह्यांस्नी मोकळं बसू द्या.” जुलेखा सगळ्यात शेवटी गेली. फडाच्या कडेला वळताना तिनं एकदा मागं बघितलं.

आणि आम्ही चौघंच उरलो. तीच चूल, तीच पोती, तेच चौघं. माझं मन भरून आलं.

“हं, बोला आता,” मी म्हणालो.

कुणी बोलेना. (‘बोला आता’ म्हटल्यावर फक्त पुढारी बोलतात.) मग सम्राटनं गुडघ्याचं सांगितलं. कृष्णातनं दुधाच्या फॅटचं सांगितलं. मी जुनी गंमत काढली, तर दोघं वेळेच्या आधीच हसले, कारण शेवट पाठ होता. नबी फडाच्या कडेकडंच बघत होता.

“लई लांब हाय का रं गुऱ्हाळ? जुलेखाला चालवंल न्हवं?”

“चालवंल की. उशिरा येऊ देत. सुटल्यासारखं वाटलं असंल तुला.”

“कशातनं?”

“मंडळात बायको म्हणजे...”

नबी हसला. मग पोत्यावर नीट बसला आणि रस्सा ढवळत म्हणाला, “इज्या, तिकडं एका खोलीत आम्ही आठ बाप्ये ऱ्हातो. शुक्रवारी सुट्टी. मटण शिजवतो. कांदा मी चिरतो, मीठ एक केरळचा टाकतो. जेवतो, बोलत बसतो. कुणाची बी बायको नसती. लई झकास मंडळ हाय बघ तिकडं. दर शुक्रवारी.”

सम्राटनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

“हिला मीच आणलीया,” तो म्हणाला. “नगं नगं म्हणत हुती. दोस्तांचं जेवण, आपण कशाला म्हणून. म्हटलं, चल. इज्या काय तुला जा म्हणतोय व्हय?”

ते मी म्हणून झालं होतं.

रस्सा तयार झाला. नबी वाढू देईना. कृष्णातच्या पोटात कावळे ओरडत होते, सम्राट झाकण उघडून वास घेत होता, पण नबी म्हणाला, त्या येऊ देत. मग ज्यानं घालवलं त्यानंच आणायचं, असं ठरलं. ठराव एकमतानं झाला, माझं मत कुणी विचारलं नाही.

उसाच्या बांधावरनं गेलो. गुऱ्हाळाच्या मांडवाखाली चौघी बसल्या होत्या, हातात गरम गुळाचे गोळे. वर्षाराणी काहीतरी सांगत होती, आणि जुलेखा पोट धरून हसत होती. वर्षाराणीही हसत होती, डोळे पुसत, मान मागं टाकून. माझ्यापुढं ती अशी शेवटची कधी हसली, मला आठवेना. मी उसाच्या आड तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, मला जुलेखाचा हेवा वाटला.

“जेवायला चला की,” मी पुढं होऊन म्हणालो.

हसणं थांबलं. तानाबाई म्हणाली, “खरंच म्हणताय, का म्हणायचं म्हणून म्हणताय?”

“खरंच,” मी म्हणालो. “नबी वाढंना झालाय.”

जुलेखा उठली आणि चालायला लागली. तिला चालवेल की नाही, अशी नबीला काळजी होती. मला तिच्यामागं पळावं लागलं.

जेवायला नबी आणि जुलेखा पंपाच्या हौदाच्या कठड्यावर शेजारी बसले. पांढरा रस्सा त्यानं स्वतः तिच्या वाटीत ओतला. तो जेवायचं सोडून ती कशी जेवते ते बघत होता, जसं काय ते बरोबर कुवेतला न्यायचं होतं. संयोगिता सम्राटच्या ताटातलं नळीचं हाड काढून घेत होती. कृष्णात आणि तानाबाई पाण्याच्या पाळीवरनं भांडत जेवत होती. आणि वर्षाराणी एकटी चिंचेखाली ताट मांडीवर घेऊन बसली होती. घरात रोज समोर असणाऱ्या बाईची आठवण येते का हो? मला आली. मी ताट उचललं आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

“काय झालं? मीठ कमी हाय?” ती म्हणाली.

“न्हाय. तुझ्याजवळ बसतो म्हटलं.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या अंगावरनं पलीकडं बघायला मान उंच केली. “इतकी वर्सं ह्ये मंडळ नुसतं ऐकतोय मी. कोण कुठं बसतंय, कोण काय बोलतंय, एकदा समदं डोळ्यानं बघायचं हुतं. तुमी मधी बसलासा, कायबी दिसंना झालंय.”

“मला वाटलं, आपण दोघं...”

“तिकडं बसा,” ती म्हणाली. “तुमास्नी रोजच बघतो की.”

मी ताट उचलून चुलीकडं गेलो. तिथं कृष्णातचं कुत्रं बसलं होतं. माझ्या ताटात नळी आहे हे बघून त्यानं मला शेजारी जागा दिली.