लिमयेबाईंचा चिमटा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिमयेबाई समोरून आल्या की बायका आधी दंड झाकतात. कारण बाईंच्या पर्समध्ये एक प्लास्टिकचा चिमटा असतो, मिलिमीटरच्या खुणा असलेला. दंडामागची कातडी दोन बोटांत धरायची, चिमटा लावायचा आणि आत चरबी किती ते वाचायचं. लिफ्टमध्येसुद्धा! "हलू नका हो. एकच मिनिट."

बाईंनी तेहतीस वर्षं कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली. निवृत्त झाल्या, पण मोजायची खोड काही जाईना. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे माझा दंड त्यांना पाठ आहे. एका वेळी तीन रीडिंग घेतात आणि तिन्ही वेगळी आली की त्यांना कोण आनंद होतो! "बघा! दंड तोच, चिमटा तोच, मी तीच. तरी आकडा हलला."

गेल्या वर्षी आमच्या क्लबहाउसच्या जिममध्ये चरबी मोजायचं यंत्र आलं. त्यावर अनवाणी उभं राहायचं, अंगातून बारीकसा करंट जातो आणि समोर टक्के येतात. बाईंनी पहिल्याच दिवशी ट्रेनरला धरलं. "टाचांना भेगा असतील तर करंट नीट जाईल का? पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, ते याला कळतं का? आणि हिशेबाचं सूत्र कुठल्या बायकांवरून काढलंय?"

"मॅडम, मशीन इम्पोर्टेड आहे."

"टाचा कोथरूडच्या आहेत," बाई म्हणाल्या.

तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण त्याच यंत्राने माझ्या रुचाला छत्तीस टक्के दाखवले आणि माझं हसू पळालं. एकोणीस वर्षांची पोर. तिने आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळची पोळी. मी रागावले, रडले, लाडीगोडी लावून पाहिली. "आई, नंबर खोटं बोलत नाही," एवढंच म्हणायची. तिचं मनगट पार काडी झालं. शेवटी वर गेले आणि बाईंना म्हटलं, "अहो, आता तुम्हीच काहीतरी करा."

रविवारी बाई तिला घेऊन जिममध्ये गेल्या. सकाळी उठल्याउठल्या एकदा उभं केलं. मग तांब्याभर पाणी पाजून, मग पाय ओले करून, मग चक्क टाचा दगडाने घासून. मी मागे टॉवेल घेऊन उभी! चार वेळा उभं केलं, चारही आकडे वेगळे. ट्रेनरला अचानक फोन आला आणि तो बाहेर गेला.

तिथून आम्ही बाईंच्या घरी आलो. "मग खरा आकडा कुठला?" रुचाने विचारलं. आवाज चिडका होता, पण डोळे भरलेले.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "चिमट्याने नाही कळत, त्या यंत्राने नाही कळत. हॉस्पिटलातल्या महागड्या यंत्रातही थोडा फरक राहतोच. अंदाज असतो गं तो. अंदाजापायी कुणी उपाशी राहतं का?"

बाई आत गेल्या आणि थालीपिठाच्या दोन ताटल्या घेऊन आल्या. वर लोण्याचा गोळा.

"आम्ही येणार म्हणून केलीत?" मी विचारलं.

"छे हो. रोज दोनच होतात. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, पण भाजणी घ्यायला गेलं की हात आपोआप दोघांपुरती घेतो. मग दुसरं संध्याकाळी गार खाते. गार काही चांगलं लागत नाही."

हे सगळं त्यांनी पाण्याचे पेले मांडता मांडता सांगितलं. मी माझ्यापुढची ताटली त्यांच्याकडे सरकवली. सहा वर्षं मी खालीच राहत होते आणि मला पत्ता नव्हता.

रुचा ताटलीकडे बघत राहिली. मग तिने ताटली पुढे ओढली आणि एक तुकडा मोडला. मग दुसरा.

बाई तिच्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांच्या ताटलीतलं लोणी पार विरघळलं.

"अहो, तुम्ही खा ना. गार होतंय," मी म्हटलं.

"होऊ दे हो," बाई म्हणाल्या. "समोर कुणी जेवतंय, ते जरा बघू दे."