उत्तमचा लॅक्टोमीटर

आमच्या मोताळ्यात कुणीही चहा दिला, की उत्तम आधी खिशातून लॅक्टोमीटर काढायचा. सारी नोकरी दूध डेअरीवर दुधातलं पाणी पकडण्यात गेली. निवृत्त झाला तरी काचेची ती नळी सुटली नाही. चहाच्या पेल्यात ती तरंगणार कुठली, तळाला टेकायची. तरी उत्तम डोळे बारीक करून निकाल द्यायचा, "पाणी हाय बे!" मुलीच्या सोयरिकीत त्याने व्याह्यांच्या बासुंदीत नळी घातली. सोयरीक टिकली, बासुंदी पुन्हा मिळाली नाही.

बिस्किटाच्या पुड्यावरचं वजनही तो वाण्याच्या काट्यावर तपासायचा. "छापणाऱ्याचं काय जाते? माल बोलला पाह्यजे!"

माझं औषधांचं दुकान. तिथल्या चहात मात्र त्याने नळी कधीच घातली नाही. मला वाटायचं, फुकटचा चहा म्हणून.

त्याच्या बायकोला, कमलवहिनींना, मणक्याच्या दुखण्याने झोप नव्हती. डॉक्टरांनी सीबीडी तेल लिहून दिलं. भांगेच्या झाडाचं तेल. नशा नाही, दुखणं हलकं होतं, असं कंपनीवाले सांगत. चिठ्ठीत हजार मिलिग्रॅमची बाटली होती आणि माझ्याकडे तीनशेच्या पडून होत्या. एजंटाने हजाराची लेबलं आणून दिली. "माल तोच, काका, लेबल नवं." दुपारी शटर अर्धं ओढून ती मी माझ्या हाताने चिकटवली.

वहिनींना आराम पडेना. आठवड्याने उत्तम बाटली घेऊन आला. आता नळी निघणार, असं मला वाटलं. त्याने नुसता हात पुढे केला.

"पाह्य बरं, माहा हात हालते का? थेंब कमी पडत असन. कमल कण्हते अन् मी मोजतच राह्यतो."

मी म्हणालो, "हो, हलतो थोडा."

पुढे वहिनींकडून कळलं, तो रोज सकाळी पाण्याचे थेंब वाटीत पाडून सराव करतो.

ते ऐकल्यावर मला राहवेना. परवा त्याला दुकानात बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"साऱ्या गावाचं मोजलं बे म्या. तुह्या दुकानातलं काही मोजावं, असं कधी मनातच आलं नाई."

तेवढ्यात चहा आला. उत्तमने खिशातून नळी काढली, पेल्यात घातली आणि डोळे बारीक केले. निकाल त्याने दिला नाही. मीही विचारला नाही.