पट्टेरी शिंगाळ्याचा गळपट्टा

माउली, जरा जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. देवाचं नाव घेऊन झालं, आता मंगळवार पेठेतली एक हकिकत सांगतो.

हंबीररावांनी दिवाणखान्यात समुद्र आणला. काचेची मोठी पेटी, मापून कालवलेलं खारं पाणी आणि त्यात मिशाळ, पट्टेरी शिंगाळा मासा. दुकानदार म्हणाला, "काट्यात विष हाय. टोचला तर सोसंल तेवढ्या गरम पाण्यात हात धरा." हंबीररावांनी विषाचं तेवढं ऐकलं, कारण गल्लीत विषारी जनावर कुणाकडंच नव्हतं. बायकोनं गरम पाण्याचं ऐकलं.

एका सकाळी पेटी आतून पुसताना काटा तळहातात गेला. हंबीरराव बोंबलले.

"पातेलं चढवलंय. हात घाला," बायको म्हणाली.

"तू थांब की! रीतसर उपचार करू."

दवाखान्याच्या अर्जावर चार रकाने होते: कुत्रा, मांजर, साप, इतर. 'इतर'ला साहेबांची सही लागे आणि साहेब रजेवर. कारकून म्हणाला, "कुत्रा लिवतो. लगेच सुई मिळंल." हंबीररावांनी मान हलवली. सुई मिळाली. कळ खांद्यापर्यंत चढली.

चावऱ्या कुत्र्याला पट्टा घालून दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवणे बंधनकारक असल्याने पालिकेच्या श्वान कक्षाचे जोतीराम सोबतच घरी आले.

"पावणं, कुत्रं कुठं हाय?"

"त्ये काय, पोहतंय."

जोतीरामांनी पंचनामा लिहिला: 'सदर कुत्रा पाण्याखाली असल्याने भुंकत नाही. शेपूट आहे. मिशा आहेत. पाय आढळले नाहीत. मालकाकडून खुलासा मागवावा.' मग बाही सारून, पट्टा घेऊन हात पेटीत घातला.

आता दोघं बोंबलत होते.

"आधी दुसरी नोंद करायला पायजे!" जोतीराम विव्हळले.

"आधी हात!" बायकोनं पाण्याचा चटका कोपरानं पाहिला आणि दोघांचे हात पातेल्यात दाबून धरले. तासाभरात दोघं चहा मागू लागले.

अहवालात आलं: सुई गुणकारी ठरली. रविवारी मंडळानं सत्कार ठेवला. कारकुनाला शाल, जोतीरामांना फेटा, हंबीररावांना नारळ. पट्ट्याला हार घालून तो पेटीवर टांगला. रजेवरच्या साहेबांचेही आभार मानले. ते हजर असते तर हा योग आला नसता. टाळ्या मीसुद्धा वाजवल्या. आतून चाळीस कप चहा आला.

हसलात, बरं वाटलं. आता जाताना तुम्ही मला माशाच्या मिशा किती ते विचाराल. पण त्या बाईचं नाव मी एकदाही घेतलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

शालूबाई.

उद्या अंघोळीचं ऊन पाणी अंगावर घ्याल, तेव्हा देवाच्या नावामागोमाग, माउली, तेवढी तिची आठवण काढा.