दहा दिवसांचा साठा

चंद्रशेखरला जर्मनीत येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातल्या शेवटच्या एका वर्षात युरोपची सुरक्षा त्याच्या अंगावर येऊन पडली होती. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. घडलं होतं एवढंच, की ओबरलिंडेनबाखच्या महापौरांनी नागरिकांची एक समिती नेमली आणि तिच्या प्रत्येक बैठकीला न चुकता येणारा हा एकटाच निघाला. हेर्त्सोगेनआउराखपासून बसने वीस मिनिटांवरचं हे शहर, वस्ती चौदा हजार. पण चंद्रशेखर बोलायला लागला की वाटावं, ब्रुसेल्सवाले रोज सकाळी चहाच्या आधी ओबरलिंडेनबाखची खबर घेतात.

"सुरक्षा म्हणजे नुसतं सैन्य नव्हे," तो बायकोला, विभावरीला, जेवता जेवता सांगायचा. "वीज गेली, पाणी गेलं, तर लोक फोन कुणाला करतात? राटहाउसला, नगरपालिकेला. मग पैसे नुसते राजधान्यांना का? थेट शहरांना द्या की."

"पटलं. भाजी वाढू?" विभावरी म्हणायची.

चेष्टा सोडा, मुद्दा खरा होता. मागच्या जानेवारीत शहराची वीज अकरा तास गेली. चंद्रशेखरच्या आईला, अरुंधतीबाईंना, बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामशाळेत, नेऊन बसवलं. तिथेही हीटर बंद, कारण जनरेटरच नाही. अग्निशमन दलातल्या हेलमुटने स्वतःचा कोट काढून त्यांच्या अंगावर घातला म्हणून निभावलं. कुडकुडणाऱ्या आईला बघून चंद्रशेखरने तिथे जनरेटर आणायचाच, हे तेव्हाच मनाशी ठरवलं.

आता तो खरोखर मिळायची वेळ आली होती. शहरांना थेट पैसे देणाऱ्या एका युरोपीय निधीकडे महापौरांनी अर्ज केला होता आणि परीक्षक येणार होत्या. इथलं एखादं साधं कुटुंब दहा दिवस स्वतःच्या साठ्यावर तग धरू शकतं का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

"माझं घर दाखवा," चंद्रशेखर महापौरांना म्हणाला. "बिनघोर राहा."

त्याने तळघरात दहा फळ्या ठोकल्या. त्यांवर अरुंधतीबाईंनी महिनाभर खपून केलेले लाडू, चिवडा, चकल्या, शंकरपाळे, भाजणी, मेतकूट असे डबेच्या डबे रचले. प्रत्येक फळीला लेबल लावलं: दिवस पहिला, दिवस दुसरा, असं थेट दहाव्यापर्यंत. त्याची स्वतःची भर म्हणजे वाटाण्याच्या सूपचा एक टिन.

"आईंना नीट सांगितलंस ना?" विभावरीने विचारलं.

"सांगितलं. म्हटलं, शनिवारी ब्रुसेल्सहून पाहुणे येणार आहेत."

"पाहुणे म्हणालास?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही. बघ बाबा," विभावरी म्हणाली.

शनिवारी अकराच्या ठोक्याला बेल वाजली. दारात परीक्षक फ्राऊ फरम्युलेन, त्यांच्यामागे महापौर, आणि त्यांच्यामागे शोभेसाठी आणलेले अग्निशमन दलाचे दहा गडी. सगळ्यांत पुढे हेलमुट. चंद्रशेखरने बाराही जणांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पडद्यावर सादरीकरण लावलं. त्यात बासष्ट स्लाइड होत्या.

"तळघर शेवटी," तो म्हणाला. "आल्झो, तर आधी थोडी पार्श्वभूमी."

नवव्या स्लाइडला चहा आणि चिवडा आला. चंद्रशेखरला बरं वाटलं, श्रोते ताजेतवाने राहतील. अठराव्या स्लाइडला गरम थालीपिठं आली. पंचविसाव्याला दोन गडी हळूच स्वयंपाकघराकडे सरकले, तिसाव्याला आणखी चार. चाळिसाव्याला फ्राऊ फरम्युलेन "एकच मिनिट" म्हणून उठल्या, त्या चकलीला काटे कसे पडतात ते बघतच राहिल्या. बासष्टाव्या स्लाइडला समोर फक्त महापौर होते, तेही डोळे मिटून.

"आता प्रत्यक्ष पुरावा," चंद्रशेखर म्हणाला आणि सगळ्यांना गोळा करून तळघरात घेऊन गेला. त्याने ऐटीत दिवा लावला.

फळ्या धुऊन पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या. लेबलं मात्र जागच्या जागी होती.

"दिवस पहिला, रिकामा," फ्राऊ फरम्युलेन वाचत गेल्या. "दिवस दुसरा, रिकामा." दहाव्या दिवशी सूपचा टिन सापडला. त्यांनी तो लिहून घेतला. लिहिताना काखेत धरलेला लाडवांचा डबा त्यांना जरा अडचणीचा होत होता. चंद्रशेखरने मागे वळून पाहिलं. प्रत्येकाच्या हातात एकेक डबा होता, हेलमुटच्या हातात दोन.

"आई, अगं हे संकटासाठी होतं गं," चंद्रशेखर रडवेला होऊन म्हणाला.

"मग? बारा माणसं दारात आली आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं, याहून मोठं संकट कुठलं?" अरुंधतीबाई म्हणाल्या. "त्यात हेलमुटने मला कोट दिला होता."

फ्राऊ फरम्युलेन यांनी विभावरीला विचारलं, "उद्या वीज गेली तर या आजी काय खातील?"

विभावरीने सासूबाईंना विचारलं. "अहो आई, उद्या काय खायचं म्हणतायत त्या."

"डबे परत येतील की," अरुंधतीबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि रिकामा डबा कुणी परत करतं का?"

विभावरीने हे जर्मनमध्ये सांगितलं. दहाच्या दहा गड्यांनी आपापल्या डब्याकडे गंभीरपणे पाहिलं. हा नियम त्यांना नवा होता.

"आणि तुम्ही?" फ्राऊ फरम्युलेन हेलमुटकडे वळल्या. "वीज गेली तर आधी कुठे जाल?"

हेलमुटने तोंडातला शंकरपाळा गिळला. "इथे," तो म्हणाला. "कोट घेऊन."

फ्राऊ फरम्युलेन बराच वेळ लिहीत होत्या. चंद्रशेखरला वाटलं, गेला जनरेटर.

आठवडाभरात तेराही डबे परत आले. बारांत बटाट्याचं सॅलड होतं आणि महापौरांच्या डब्यात जरा जास्त बटाट्याचं सॅलड. ते संपता संपता घरातल्यांच्या नाकी नऊ आले. मग दीड महिन्याने पत्र आलं. विभावरीने मोठ्याने वाचलं. जनरेटर मंजूर. घरातला साठा शून्य दिवस. शहरातला साठा मोजता आला नाही, कारण तो सारखा दारोदार फिरत असतो. शहरांवर विश्वास का ठेवावा, याचं असं उदाहरण याआधी पाहण्यात आलं नव्हतं.

चंद्रशेखरची छाती फुगली. "बघ. मी काय म्हणत होतो? माझ्याबद्दल काही आहे का?"

"शेवटची ओळ आहे ना. 'साठा संपला तो सादरीकरण चालू असताना. पुढच्या वेळी सादरीकरण दहा मिनिटांत आटपावं.'"

ते पत्र चंद्रशेखरने फ्रेम करून टुर्नहालेत नव्या जनरेटरच्या वर लावलं आहे. फ्रेम जरा आखूड निघाली, त्यामुळे शेवटची ओळ दुमडून आत गेली आहे.