रज्जाकभाईंना घाई नाही

आग लागल्याचा फोन आला की आमचे रज्जाकभाई आधी गाडीभोवती एक चक्कर मारतात, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. टायर, दारं, पाइप, सगळ्यांना हात लावून झाला की मग स्टिअरिंगवर बसतात. चौक आला की सायरन चालू असतानाही ब्रेक दाबतात. एकदा तर त्यांनी वरातीला वाट दिली. मी चिडलो, तर म्हणाले, "पोचलास तर विझवशील बे."

मी अग्निशमन दलात सहा महिन्यांपूर्वी लागलो. तेव्हापासून रोज त्यांच्या शेजारी बसतो. गाडी तेच चालवतात, पंपही तेच सांभाळतात. लग्नाला गेले तरी मोटारसायकलचं तोंड रस्त्याकडं करून लावतात आणि चाकाखाली वीट घालतात. पंगतीतही दाराकडं तोंड करून बसतात. नवरदेवाला त्यांची पाठच दिसते.

परवा शिरूर कासारकडच्या एका वस्तीवर कडब्याची गंजी पेटली. सरूबाई नावाची म्हातारी तिथं एकटीच होती. लेक-सून ऊसतोडीला गेलेले. गंजीला लागूनच तिचं पाचटाचं छप्पर. आम्ही पोचलो तेव्हा निम्मा गाव जमला होता. "आत आणा, आत!" म्हणून ओरडत होता.

रज्जाकभाईंनी गाडी पन्नास पावलं अलीकडंच थांबवली. वाऱ्याकडं बघितलं, वरच्या विजेच्या तारेकडं बघितलं. गाडी वळवून तोंड रस्त्याकडं केलं, चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवले.

"लग्नाला आलास का बे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मी पाइप घेऊन गंजीकडं पळालो.

"तिकडं कावून चाललास? छपरावर मार!"

"भाई, आग इकडं हाय!"

"गंजी गेली. टाकीतलं पाणी किती टिकंल? घर वाचव."

पाणीही त्यांनी एकदम सोडलं नाही. माझे पाय रोवलेले बघत हळूहळू दाब वाढवला. आम्ही न पेटलेलं छप्पर भिजवत होतो आणि गाव आमचा उद्धार करत होता. सरूबाईनंही हंबरडा फोडला, "आरं, कडबा जळतोय माझा!" मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

एवढ्यात वारा फिरला. ठिणग्यांचा लोट सरळ छपरावर आला आणि चर्रर्र करून विझला. पुन्हा आला, पुन्हा विझला. उरलेल्या पाण्यानं आम्ही गंजीचा निखारा दाबला. लोकांचं मत मग असं पडलं की म्हातारीचं नशीब चांगलं निघालं.

गर्दी पांगल्यावर सरूबाई भीत भीत आमच्याकडं आली. "बाबा, चूल पेटवू का?"

उभ्या नोकरीत कुणी त्यांना आग लावायची परवानगी मागितली नसावी. रज्जाकभाईंनी गंभीरपणे राखेतून फिरून धग बघितली, वारा बघितला आणि मान डोलावली.

तिनं पिठलं-भाकरी केली. मी दोन भाकरीत उठलो आणि पाइप गुंडाळायला लागलो. रज्जाकभाई चुलीपाशी बसूनच राहिले. कडबा गेल्याचं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत होते.

"घरी कोण कोण हाय रं तुज्या?" तिनं विचारलं.

"मी हाय." चुलीकडं बघत म्हणाले, "बायको होती. गेली दोन वर्षांमागं."

सहा महिने त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो मी. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हातारीनं चुलीतला जाळ पुढं सारला.

"मावशे, अजून एक करता का?" रज्जाकभाई म्हणाले.

ताटात त्यांची अर्धी भाकरी तशीच होती. तिला ती दिसली असणार. तरी तिनं पीठ ओढलं, आणि भाकरी थापायच्या आवाजाकडं कान लावून रज्जाकभाई भिंतीला टेकले.