हसनमामूंचे पाहुणे

हसनमामू सुरमई धरायला निघतात ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून. कुणी हसलं तर म्हणतात, "पाहुण्यांना घ्यायला चाललोय. लुंगीवर जाऊ?"

बोटीत 'मासा' म्हटलेलं त्यांना चालत नाही. पाहुणे म्हणायचं.

मामू म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. मूळचे रत्नागिरीकडचे, आता इकडे आखातात, अल मजाजला आमच्याच बिल्डिंगमध्ये. रोल्लाच्या बाजारात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं तरी खुर्ची सोडत नाहीत. पण थंडीतल्या रविवारी पहाटेच सगळ्यांच्या बेल वाजवतात. "यल्ला, यल्ला! पाहुणे उठले, तुम्ही लोळा!" मग सगळे खोरफक्कानच्या किनाऱ्यावर. तिथे त्यांची जुनी फायबरची बोट आहे.

बोट हळूहळू चालवायची आणि मागे लांब दोऱ्या सोडायच्या. दोरीच्या टोकाला चमकणारा खोटा मासा आणि गळ. आम्ही दोरी बोटावर धरून बसायचं. बोट चालवणार मामू, ओरडणारही मामू.

"इरफान, मोबाईल ठेव!" इरफान त्यांचा मुलगा.

"सना, हात हलका. टॅक्सी थांबवतेस काय?" सना इरफानची मुलगी.

मला म्हणतात, "बेटा, दोरी धरलीस की कपडे वाळत घालतेस?" मी चौघांत बोलत नाही, नुसती हसते.

मामी किनाऱ्यावरच बसतात. एका बोटीत दोन कॅप्टन नकोत, म्हणतात.

मागच्या थंडीत इरफानला कॅनडात नोकरी लागली. तो, बायको, सना, सगळेच चालले. जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. बोटीत चढतानाच इरफान म्हणाला, "अब्बा, आज एक सुरमई मिळाली की खलास. लगेच परत. पॅकिंग बाकी आहे."

"एक मिळाली की परत," मामूंनी कबूल केलं.

दोऱ्या सुटल्या. सना आजोबांना म्हणाली, "दादा, कॅनडामें बिग लेक्स हैं. पापा सेज वी विल फिश देअर."

"तळ्यात? तळ्यात राहतात ते पाहुणे नव्हेत, घरजावई."

"सॅमन, दादा. दे टर्न रेड!"

"लाल कशाला? लाजतात?" सना खूप हसली. जरा वेळाने मामूंनी विचारलं, "तिथे दोरी हातात धरतात?"

"नो, रॉड."

"मग कोण आलं ते बोटाला कळणार कसं?"

तेवढ्यात मला उजव्या हाताला, लांबवर, पांढरे पक्षी दिसले. अख्खा थवा पाण्यात सूर मारत होता. मीही समुद्रकाठचीच. पक्षी असे तुटून पडले की खाली बारीक मासळी असते आणि तिच्या मागे सुरमई. तिथून एक फेरी मारली असती तर दोरी ताणलीच असती, आणि मग लगेच परत.

मामूंनी तिकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. कान लाल झाले होते.

इरफान गुंतलेली दोरी सोडवत होता. त्याने मान वर केली. "अब्बा, इकडे कुठे? उजवीकडे काय हरकत आहे?"

मामू शर्टाची बाही नुसती खालीवर करत राहिले.

"उजवीकडे खडक आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "दोरी अडकेल. मी बघितलाय."

"भाभी बोलल्या म्हणजे असणारच," इरफान म्हणाला आणि पुन्हा दोरीत गुंतला.

पाणी मोकळं होतं. उजवीकडे खडक नव्हता, डावीकडे मासळी नव्हती. मामूंनी सनाला जवळ बोलावलं, तिचा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि त्यावर आपला. दुपारचं ऊन डोक्यावर आलं तरी दोघं तशीच उभी होती.